डॉ. आंबेडकरांची बडोद्याची आठवण आणि रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय ज्या वचनाने संपतो, ते वचन आपल्या धर्मग्रामांतून कोणत्या रीतीने वाचले जाते व त्या वाचनात काय सुटून जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दुष्टाव्याला दुष्टाव्याने उत्तर देऊ नये, चांगुलपणानेच त्यावर मात करावी, हा त्या वचनाचा आशय सर्वपरिचित आहे. उपवासकाळातील प्रवचनांत तो येतोच. परंतु ख्रिस्ती समाजावर कोठे हल्ला झाल्याची वार्ता आली म्हणजे तो हमखास येतो. १९९८ च्या नाताळात डांग जिल्ह्यात प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, त्या सुमारास गुजरातेत जी प्रवचने झाली त्यांपैकी कित्येकांचा आधार हाच अध्याय होता. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. भयभीत झालेल्या लोकांना सूडापासून परावृत्त करणे हे धर्मगुरूचे कर्तव्यच होय.

अशा प्रवचनांत जी उदाहरणे दिली जातात तीही खरी व थोर आहेत. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि बारिपदा येथील कुष्ठसेवा सोडून त्या लगेच निघून गेल्या नाहीत. सिस्टर राणी मारिया यांची हत्या २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूर धर्मप्रांतात उदयनगरजवळ भर बसमध्ये झाली. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही व्रतस्थच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला तो मनुष्य स्वतः उपस्थित होता. या घटना सांगताना वक्त्याचा कंठ दाटून यावा आणि श्रोत्यांचे डोळे भरावेत हे स्वाभाविक आहे.

तथापि या उदाहरणांच्या निवडीत एक गृहीत दडलेले आहे. वाईट करणारा सदैव मंडळीच्या बाहेरचा, आणि ते सोसून चांगले करणारे आपण. ज्याच्या दारात वाईट येऊन उभे राहते तो ख्रिस्ती. ज्याच्या दारातून वाईट निघते तो दुसरा कोणी. या गृहीतावर एकदा वाचन बेतले की पौलाचे वचन हे आपल्या सोशिकपणाचे प्रशस्तिपत्र बनते. मग ऐकणारा घरी जाताना स्वतःबद्दल काही विचारीत नाही. तो दूरच्या ओडिशातील एका विधवेबद्दल आदर बाळगून जेवायला बसतो. आपल्या शहराच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की त्यात हे गृहीत टिकत नाही. तो प्रसंग आपल्याकडे प्रवचनात कधी आल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

तो प्रसंग डॉ. भीमराव आंबेडकर यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाचे त्यांचे छोटे आत्मकथन १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिले गेले असे मानतात. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. अस्पृश्यता म्हणजे काय हे परकीय वाचकाला कळावे म्हणून सिद्धान्त न मांडता काही प्रसंग जसेच्या तसे सांगावेत, अशी त्यामागची योजना आहे. लहानपणी वडिलांना भेटावयास निघालेल्या भावंडांना बैलगाडीवाला मिळेना तो प्रसंग, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरील पाण्याचा हौद, आणि त्यांच्या मध्ये बडोदे.

बडोद्याचा भाग मुळातून वाचावा असा आहे. येथे त्याचा सारांश देतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले व १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती असे ते लिहितात. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच राहायचे कोठे या एका प्रश्नाने ती परत आली. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. त्यांनी एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव घालून, दिवसाला दीड रुपया भाड्याने मुक्काम केला. वरच्या मजल्यावर दुसरे कोणी नव्हते, दिव्यांची सोय नव्हती, सामानसुमानाचा अडगळीचा ढीग व वटवाघळे यांच्या सोबतीत त्यांनी रात्री काढल्या. मुंबईहून राहिलेले सामान घेऊन आलेला त्यांचा भाचा मामाची ही दशा पाहून मोठ्याने रडू लागला, तेव्हा त्याला लगोलग परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी वर आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले.

त्यानंतरचे काही तास आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आंबेडकरांना बडोद्यात दोन स्नेही होते, एक हिंदू व एक भारतीय ख्रिस्ती. हिंदू स्नेह्याला ऐकून दुःख झाले, संतापही आला. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. मग ख्रिस्ती स्नेही. याने पूर्वी एकदा आपण होऊन आंबेडकरांना घरी राहावयास बोलावले होते, आणि त्याच्या सवयी आपल्याशी जुळणाऱ्या नाहीत म्हणून आंबेडकरांनीच ते नाकारले होते. आता त्याच दारात जाणे अवघड होते, तरी ते गेले. त्याने उत्तर दिले की पत्नी उद्या बडोद्यास येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे उत्तर मोठ्या चतुराईचे होते हे आपल्याला मागाहून कळले, असे आंबेडकर नमूद करतात. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण कुळातले होते. धर्मांतरानंतर पती विचाराने उदार झाला होता, पण पत्नी आचाराने सोवळीच राहिली होती आणि अस्पृश्याला घरात ठेवून घेण्यास ती संमती देणार नव्हती. त्या घरातून ते बाहेर पडले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधला वेळ त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढला.

एक समीक्षक म्हणून या मजकुराकडे पाहताना त्याच्या संयमाचे आश्चर्य वाटते. लेखक आपली बाजू सजवीत नाही. खोटे नाव घातल्याचे तो सांगतो, ख्रिस्ती मित्राचे पूर्वीचे निमंत्रण आपण नाकारल्याचेही सांगतो. ते गाळले असते तर मित्राचा नकार अधिक काळा दिसला असता. बागेत बसल्यावर काय झाले याविषयी तो एवढेच लिहितो की मन रिकामे होते, दुःख होते, आणि निराधार मुलांना आठवतात तसे आईवडील आठवले. आज सयाजीबागेत जेथे संकल्पभूमी म्हणून स्मारक आहे व २३ सप्टेंबरला जेथे हजारो लोक जमतात, तेथील संकल्पाचा किंवा वृक्षाचा या लेखात उल्लेख नाही. लोकस्मृतीने त्या संध्याकाळला जो अर्थ दिला तो तिच्या पुढच्या इतिहासावरून दिला आणि त्यात वावगे काही नाही. पण लेख आपल्याला केवळ एक सव्वीस वर्षांचा उच्चविद्याविभूषित तरुण दाखवितो, ज्याला त्या दिवशी या शहरात रात्रीपुरती एक खोली मिळाली नाही.

पत्नीविषयीचा भाग मात्र थोडा थांबून वाचला पाहिजे. तिच्या मनाचे जे वर्णन येते ते आंबेडकरांना मागाहून दुसऱ्या कोणाकडून कळलेले आहे. ती त्या दिवशी गावात नव्हती. तिला कोणी विचारलेच नाही. प्रत्यक्ष दारात उभा होता तो उदारमतवादी पती. ती नकार देईल हे त्याने गृहीत धरले, आणि स्वतःचा नकार तिच्या नावावर लिहिला. आपल्या समाजात स्त्रीला पुष्कळ गोष्टींत मत विचारले जात नाही, परंतु दार बंद करावयाचे असले म्हणजे तिचे मत फार उपयोगी पडते. धर्मांतरित ब्राह्मण घरातील स्त्री बदलतच नाही असे मानण्याचेही कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त, पती १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावरही सोवळे घट्ट धरून बसलेली एक बाई हळूहळू, एकेक घोट पाण्यासाठी स्वतःशीच भांडत, जातिभेद मनुष्यानेच निर्माण केलेला आहे या निर्णयावर कशी येते हे आपण वाचलेले आहे. आणि तो निर्णय तिने बाप्तिस्म्याच्या आधी घेतला होता. बडोद्याच्या त्या गृहिणीला तशी संधी त्या दिवशी मिळाली असती की नाही, कोणास ठाऊक.

आता पौलाकडे परत येऊ. बाराव्या अध्यायातील शेवटचे वचन आपण सुटे काढून वाचतो हा आपल्या वाचनातील मूळ दोष आहे. तेराव्या ओवीत पौल रोमच्या मंडळीला अतिथिप्रेम सांगतो. तेथील ग्रीक शब्द आहे फिलोक्सेनिया, शब्दशः परक्याविषयीची प्रीती. आणि हे प्रेम नुसते असू द्या असे तो म्हणत नाही. त्याचा पाठलाग करा असे म्हणतो. ग्रीक क्रियापद दिओको. लगेच पुढच्या ओवीत छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्यावयास सांगताना छळ करण्यासाठी तो तेच क्रियापद वापरतो. मराठी भाषांतरात हा दुवा दिसणे कठीण, कारण आपल्याकडे एका शब्दाला दोन्ही अर्थ नाहीत. परंतु पौलाच्या पत्राचे वाचन ऐकणाऱ्याच्या कानावर हा शब्द लागोपाठ दोनदा पडला असेल. शत्रू जितक्या चिकाटीने तुमच्या मागे लागतो तितक्या चिकाटीने तुम्ही परक्याच्या मागे लागून त्याला घरी आणा, असा त्या जवळिकीतून निघणारा भाव आहे. शत्रूवरील प्रीतीची सारी शिकवण अशा रीतीने आतिथ्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. शेवटी जे उदाहरण येते तेही नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातून घेतलेले जेवणापाण्याचेच आहे: भुकेल्या शत्रूला अन्न, तान्हेल्याला पाणी.

याच्याही पुढे गेले पाहिजे. मूळ पत्रात अध्याय नव्हते. ते तेराव्या शतकात पडले. चौदाव्या व पंधराव्या अध्यायांत रोमच्या मंडळीतील एक प्रत्यक्ष भांडण आहे, आणि ते खाण्यापिण्यावरून आहे. कोण काय खातो यावरून एक गट दुसऱ्याला तुच्छ मानतो, दुसरा पहिल्याला दोषी ठरवितो. पौलाचे सांगणे असे की ख्रिस्ताने जसे तुम्हांला जवळ घेतले तसे तुम्ही एकमेकांना घ्या. तेथे जे क्रियापद येते, प्रोसलाम्बानो, त्यात घरात घेणे, आपल्यात सामील करून घेणे हा अर्थ ठळक आहे. सोळाव्या अध्यायात फीबेला योग्य मान देऊन ठेवून घ्यावे अशी शिफारस येते, आणि अगदी शेवटी गायसचा नमस्कार, जो पौलाचा व सगळ्या मंडळीचा यजमान आहे. ज्याने आपले घर उघडे ठेवले अशा माणसाच्या छपराखाली हे पत्र लिहिले गेले, असे मानावयास जागा आहे. अशा पत्रातून एक वचन उचलून ते केवळ दंगलीनंतरच्या सांत्वनासाठी ठेवून देणे म्हणजे त्याचा अर्धा अर्थ गमावणे होय.

येथे एक प्रामाणिक आक्षेप संभवतो. १९१७ च्या बडोद्यातील एका दांपत्याच्या दुबळेपणाचा भार सबंध ख्रिस्तसभेवर का टाकावा? पारशी काठ्या घेऊन आले, हिंदू मित्राने नोकरांचे कारण सांगितले. ख्रिस्ती मित्राने निदान अपमान तरी केला नाही. शिवाय गुजरातेतील परिस्थिती पाहिली तर खेडा जिल्ह्यात व आसपास ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक वणकर समाजाचे, म्हणजे ज्यांना गाव शिवून घेत नसे अशा विणकरांचेच होते. छप्पनच्या दुष्काळात, १८९९-१९०० साली, अनाथ मुलांना आश्रय देणाऱ्यांत ख्रिस्ती संस्था पुढे होत्या. तेव्हा ख्रिस्तसभेने त्या वाइटाला चांगल्याने उत्तर दिले नाही असे कसे म्हणावे?

या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळेच प्रसंग अधिक बोचतो. बडोद्यापासून थोड्याशा अंतरावर वणकर ख्रिस्ती एकाच प्रभूच्या मेजावर बसत होते. आणि बडोद्यात, त्याच प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या एका सुशिक्षित घराला एक रात्र देता आली नाही. सेवा संस्थेमार्फत होत होती, घरामार्फत होत नव्हती. दुष्काळातील अनाथाला अनाथालयात घेता येते; कोलंबियाचा पदवीधर मात्र पाहुणा म्हणून आपल्याच ताटाशेजारी बसणार, आणि तेथे जुनी जात जागी होते. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने अंत्युखियातील जो प्रसंग सांगितला आहे तो याच जातीचा आहे. पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवत होता, विचाराने उदार होता. याकोबाकडील माणसे आली तसा तो मागे सरला, आणि पौल म्हणतो, भीतीने सरला. पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला. तो पेत्र होता म्हणून गप्प बसला नाही. आपल्या बडोद्याच्या गृहस्थाविषयी कनवाळू राहावयास हरकत नाही, कारण प्रेषितांचा अग्रणीही या परीक्षेत एकदा नापास झाला होता. पण त्या कनवाळूपणाने दोष नाहीसा होत नाही. (ख्रिस्तजन्माच्या वेळी उतारशाळेत जागा नव्हती, तो दाखला येथे देण्याचा मोह प्रवचनकाराला होईल. तो आवरावा. आंबेडकरांना आपल्या गोष्टीतले पात्र करण्याचा अधिकार आपल्याला त्यांनी दिलेला नाही.)

या दुबळेपणाला ख्रिस्तसभेच्या धोरणाचाही इतिहास आहे. मदुरेत १६०६ पासून रॉबर्टो द नोबिली यांनी ब्राह्मणी आचार स्वीकारून जो मार्ग काढला, त्याला १६२३ साली पोपची मान्यता मिळाली. जानवे व शेंडी ही सामाजिक चिन्हे मानून ठेवण्यास मुभा झाली. त्यातील सांस्कृतिक आदराचे मोल मी कमी करीत नाही. पण त्याबरोबर उच्चवर्णीयांसाठी एक व इतरांसाठी दुसरे अशी मिशनऱ्यांची दोन वर्गांत विभागणी आली, आणि तिची फळे आजवर भोगावी लागत आहेत. प्रॉटेस्टंट बाजूला कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद समूळ सोडण्याचे फर्मान काढले, तेव्हा कित्येक मंडळ्या त्यांच्यापासून फुटल्या. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी इतरांपासून वेगळ्या ठेवणारी भिंत आपल्या काळात चर्चेचा विषय झाली. भारतीय कॅथलिक धर्माध्यक्ष परिषदेने २०१६ साली दलितांच्या सक्षमीकरणाचे जे धोरण जाहीर केले त्यात ख्रिस्तसभेच्या आत अस्पृश्यता व भेदभाव चालतो याची स्पष्ट कबुली आहे. ती कबुली किती धर्मग्रामांत वाचून दाखविली गेली, याची चौकशी करण्यासारखी आहे.

स्वतः आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माविषयी जे लिहिले ते आपल्या पाठ्यक्रमात असावयास पाहिजे. त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात, १९८९ साली, धर्मांतरितांच्या स्थितीविषयीचे त्यांचे दोन निबंध प्रथम छापून आले. मिशनांनी शाळा-महाविद्यालयांवर जो खर्च केला त्याचा लाभ बहुतांशी उच्चवर्णीयांनी घेतला व ते ख्रिस्ती झाले नाहीत. जे ख्रिस्ती झाले ते दरिद्री अस्पृश्य त्या शिक्षणापासून दूर राहिले. आणि आपल्या दुःखाचे मूळ समाजाच्या अन्यायात शोधण्याऐवजी आदिपापात शोधावयास त्यांना शिकविले गेले, अशी त्यांची टीका आहे. शेवटचा मुद्दा आपल्याला वर्मी लागला पाहिजे. आदिपापाची शिकवण खरी मानूनही तिचा असा उपयोग झाला हे नाकारता येत नाही. चांगुलपणाने वाइटावर मात करा, ही शिकवणही तशीच वापरली जाऊ शकते: सोसणाऱ्याला आणखी सोसावयास सांगण्यासाठी. ज्याला दारातून परत पाठविले त्याला क्षमेचे महत्त्व परत पाठविणाऱ्याने समजावून सांगू नये. तो अधिकार फक्त ज्याने सोसले त्याचा. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली ती स्वतःच्या जखमेतून केली. दुसऱ्या कोणाला ती करावयास लावली नाही.

मग आंबेडकरांनी त्या वाइटाला काय उत्तर दिले? प्रस्तुत लेखात क्षमेचा शब्द नाही, सूडाचाही नाही. मित्राचे नाव त्यांनी लिहिलेले नाही, धर्मशाळेवर आलेल्या पारशांची नावे नाहीत. वाईट मात्र जसे घडले तसे नोंदले आहे. पुढे १९२७ साली महाडच्या तळ्यावर त्यांनी हजारो लोक नेले ते पाणी पिण्यासाठी. स्वतंत्र भारताच्या संविधान-मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले आणि त्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले. पौलाच्या पत्रात सूड स्वतः घेऊ नका या आज्ञेनंतर लगोलग तेराव्या अध्यायात शासनसंस्थेचा व तिच्या न्यायदानाचा विषय येतो, हा क्रम योगायोगाचा नसावा. खाजगी सूडाचा त्याग आणि सार्वजनिक न्यायाची मागणी यांत विरोध नाही. पहिल्यामुळेच दुसरीला वाव मिळतो. या दृष्टीने पाहता त्या दिवशी बागेत बसलेल्या तरुणाचे पुढील आयुष्य वाइटाला दिलेले एक मोठे उत्तर आहे. ते ख्रिस्ती उत्तर होते असे म्हणण्याची घाई आपण करू नये. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धधम्माची दीक्षा घेतली, ख्रिस्ती धर्माचा विचार करून व तो बाजूला ठेवून घेतली. तो बाजूला ठेवण्यात बडोद्याच्या त्या दाराचा वाटा किती, हे सांगता येणार नाही; काहीच नव्हता असेही छातीठोकपणे कोणी म्हणू नये.

आपल्यावर अन्याय होतच नाही असा याचा अर्थ नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यासाठी मोर्चे निघतात, निघालेच पाहिजेत. परंतु शासनाकडे हा न्याय मागताना आपण जे कारण देतो, की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, ते कारण आपल्याच घराविषयीची साक्ष आहे. ज्या तोंडाने दिल्लीत ही साक्ष द्यावयाची त्याच तोंडाने धर्मग्रामात असे काही नाही म्हणावयाचे, ही विसंगती आपले विरोधक दाखवितात आणि त्यात ते चुकत नाहीत.

या विषयाकडे मी केवळ अभ्यासातून वळलो असे नाही. काही वर्षांपूर्वी परगावाहून बडोद्यास शिकावयास आलेला एक तरुण, आपल्याच धर्माचा, खोलीच्या शोधात माझ्याकडे आला होता. धर्मग्रामातील एका सुस्थित घरी वरची खोली रिकामी असल्याचे मला माहीत होते. त्या घरी विचारले तर तो कोणत्या गावचा, कोणत्या फळियातला, हे विचारले जाईल, हेही माहीत होते. मी त्याला म्हणालो, दोन दिवसांनी ये, विचारून ठेवतो. मी विचारले नाही. तो पुन्हा आला नाही. कोठे राहिला हे मला कळले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मी त्यानंतर पुन्हा वाचले तेव्हा पारशांच्या काठ्यांपाशी मला थांबावेसे वाटले नाही, कारण काठी मी कधी उचललेली नाही. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, या वाक्यापाशी पुस्तक खाली ठेवावे लागले. वाइटाचे हे रूप सभ्य आहे, त्यात कोणाचा अपमान नाही, आणि प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ते कबूल करावयाचे आपल्याला सुचतही नाही. लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री भाकरी मागावयास आलेल्या मित्राला आतला मनुष्य मुले निजली आहेत म्हणून सांगतो. तोसुद्धा अखेर उठतो.

गेल्या वर्षापासून धर्मग्रामाच्या कचेरीत आम्ही एक वही ठेवली आहे. परगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला, परिचारिकेला किंवा कामगाराला, तो कोण आहे हे न विचारता, भाड्याने अगर तात्पुरती जागा देण्यास जी घरे तयार असतील त्यांनी त्यात आपले नाव लिहावे, असे मिस्सानंतर सांगितले. न विचारता या शब्दांवर प्रश्न आले. धर्म विचारायचा नाही का, असे एकाने विचारले, आणि नाही असे मी सांगितले. प्रारंभी नऊ नावे आली. दोघांनी मागाहून येऊन आपली नावे खोडली. त्यांपैकी एकाने सांगितले की घरी विचारले होते, पण जमणार नाही. राहिलेल्या सात घरांपैकी पाच घरांत एकूण खोल्याच दोन आहेत.